बाबांची डिझेल लोगन ऑक्टोबरमध्ये पंधरा वर्षांची होतेय. रोज वापरायला ठेवू की काढून टाकू?

सिन्नरकर_पुण्यात

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय.

बाबांची महिंद्रा रेनो लोगन आहे, १.५ डीसीआय डिझेल. ऑक्टोबर २०१० ची नोंदणी, एमएच १५. काटा ९४ हजारांवर. एकच मालक, एकच ड्रायव्हर. बाबा ७२ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रात्रीचं चालवणं त्यांनी स्वतःच सोडलं होतं. मे महिन्यात मात्र भर दुपारी आमच्याच गेटच्या खांबाला डावी बाजू घासली. दाराला ओरखडा आणि डावा आरसा गेला. त्या दिवसापासून किल्ली आईच्या ताब्यात आहे आणि ती कुठे ठेवते ते बाबांना माहीत नाही. (पिठाच्या डब्यामागे. त्यांना बहुतेक माहीत आहे.)

आता बाबा म्हणतात, तू पुण्याला घेऊन जा, उभी राहून सडेल. मी कर्वेनगरला राहतो, ऑफिस बाणेरला. आठवड्यातून तीन दिवस जायचं, एका बाजूने अकरा किलोमीटर. महिन्यातून एकदा सिन्नरची फेरी असतेच, एका बाजूने १८० च्या आसपास. आजवर गाडी घेतली नव्हती. बायकोची स्कूटर आणि बाकी रिक्षा-बस यावर भागत होतं. पण मुलगी आता पाच वर्षांची झालीय, आणि एसटीत तिला उलटी होते.

सिन्नरच्या मेकॅनिकने ५२ हजारांचा अंदाज दिलाय: टायमिंग किट, क्लच, पुढच्या चाकांचे दोन्ही लोअर आर्म, इंजिन माउंटिंग, चार टायर. एजंट गाडीचे ५५ हजार देतो म्हणतो. म्हणजे गाडीच्या किमतीएवढाच खर्च! ऑफिसातले मित्र म्हणतात, वेडा आहेस का, आठ लाखांचं कर्ज काढ आणि नवी पेट्रोल घे.

एक्सेलमध्ये हिशोब मांडून झाला. दर वेळी वेगळं उत्तर येतं, कारण ‘पुढचा मोठा खर्च’ या रकान्यात काय भरायचं तेच मला कळत नाही. जुनी डिझेल गाडी खरोखर रोज चालवणाऱ्यांनीच कृपया सांगावं. नव्या गाड्यांचे व्हिडिओ बघून झालेत.

मी_आपला

डिझेलला दहा वर्षांनंतर बंदी आहे ना? मग पंधरा वर्षांची गाडी चालवणार कशी? पकडतील.

कसारा_घाट

दहा वर्षांचं ते दिल्लीकडचं, आपल्याकडं नाही.

भाऊ, मी टूरिस्टमध्ये वेरिटो चालवली, नाशिक-मुंबई, आठवड्याला पाच पाच फेऱ्या. लोगन म्हणा नाहीतर वेरिटो म्हणा, इंजिन एकच. माझ्याकडं ४ लाख १० हजार झालं, इंजिन उघडलं नाही. क्लच दोनदा, टर्बोचा होज एकदा, सस्पेन्शनचं तर विचारूच नका. ९४ हजार म्हणजे बाळ आहे ते.

पैसे घालायच्या आधी एक करा. सकाळी गार इंजिनवर सेल्फ मारा, धूर बघा. क्षणभर काळा निघाला तर चालतंय. पांढरा धूर येत राहिला आणि गाडी थरथरली तर हीटर प्लग नाहीतर डिझेल फवारणारं नोझल बघा. निळा आला तर ऑइल जळतंय. मग गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. थोडी वाफ येणारच. भसाभसा फुंकर मारत असंल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, मग सोडा नाद. एवढं बघायला मेकॅनिक लागत नाही.

आणि मागच्या सीटवर तिघं मांडीला मांडी न लावता बसतात अशी दुसरी गाडी त्या पैशात दाखवा मला.

वहीवाले_सर

सिन्नरकर, मी पिंपळगाव बसवंतला राहतो, नाशिकला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो. रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर. गाडी तुमचीच, २००८ ची, म्हणजे तुमच्या गाडीची थोरली बहीण. आज सकाळी काटा २,६१,३४० होता. डॅशबोर्डच्या खणात दोनशे पानी वही आहे. पहिल्या दिवसापासून टाकलेलं डिझेल आणि घातलेला प्रत्येक रुपया तिच्यात आहे. आता दुसरी वही चालू आहे. वर्गातली पोरं हसतात. हसू देत.

आधी मी_आपला यांची शंका. दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआरपुरता. २०१५ मध्ये हरित लवादाने काढला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. माझं २०२३ मध्ये झालं. तेव्हा नूतनीकरणाची फी पाच हजार, पर्यावरण कर साडेतीन हजार, वर किरकोळ. तुमच्या खर्चात नव्या सुरक्षा नंबरप्लेटची भर पडेल, ८७९ रुपये. नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत भरता येतो. उशीर केलात तर महिन्याला पाचशे दंड. चेसिस नंबर कुठे आहे तो आधीच शोधून पुसून ठेवा. तपासणीच्या रांगेत उभं राहून चिंधी आणि रॉकेल शोधणारे मी पाहिले आहेत, मी त्यांतलाच एक होतो.

आता तुमच्या रिकाम्या रकान्याचं. माझ्या वहीत गेल्या पाच वर्षांचा, म्हणजे ऑगस्ट २०२० ते जुलै २०२५ चा देखभालीचा खर्च १,३८,६०० आहे. डिझेल आणि विमा सोडून, टायर धरून. महिन्याला तेवीसशे पडतात. तुमचं आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांचं धरलं तर हप्ता साडेसोळा हजारांच्या वर जातो. इथेच पुष्कळ लोक ‘बघा!’ म्हणून थांबतात. मी थांबत नाही, कारण ‘महिन्याला तेवीसशे’ हे वाक्य फसवं आहे. जुनी गाडी महिन्याला तेवीसशे कधीच मागत नाही. चौदा महिने ऑइल आणि फिल्टरशिवाय काही मागत नाही आणि मग एका महिन्यात तेहतीस हजार मागते. माझ्या वहीत २०२३ चा जून असा आहे: दोन नोझल १९ हजार, लगेच त्याच्या मागे एसीचा कॉम्प्रेसर १४ हजार. घरात आठवडाभर गाडी या विषयावर बोलायला बंदी होती. म्हणून पतपेढीत आवर्ती ठेव काढली, महिना अडीच हजार, गाडीच्या नावाने. तेव्हापासून भांडण नाही. तुमच्या त्या रकान्यात अडीच हजार लिहा आणि ते खरोखर बाजूला काढा. नुसते लिहिले तर उपयोग नाही.

तुमचा ५२ हजारांचा अंदाज बघितला. यातलं एकच काम तातडीचं आहे आणि ते इतकं तातडीचं आहे की बाकीचं विसरा: टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन जुळवून चालवणारा पट्टा. बाबांनी तो कधी बदलला का ते विचारा. गाडी ९४ हजार चाललीय म्हणून ‘अजून वेळ आहे’ असं कोणी म्हणेल. बेल्ट रबराचा आहे. तो किलोमीटरने झिजतो तसा वर्षांनीही म्हातारा होतो. पंधरा वर्षांचा मूळ बेल्ट असेल तर गाडी सिन्नरच्या गॅरेजपर्यंतसुद्धा हळू न्या, चंदनापुरी घाट ओलांडून पुण्याला नेण्याचा विचारही करू नका. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि मग तुमच्या ५५ हजारांच्या गाडीचा खरोखरच भंगाराचा भाव होतो. किट घालताना पाण्याचा पंप त्याच बेल्टवर चालतो, तोही बदला. मजुरी तीच आहे. चार महिन्यांनी पंप गळला तर सगळं परत उघडावं लागतं. मला २०२१ मध्ये किट, टेन्शनर आणि पंप धरून १३,८०० लागले होते, आता थोडे जास्त धरा.

क्लच घसरतोय का? चौथ्या गिअरमध्ये हळू चालवत एकदम ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढला आणि गाडीचा वेग वाढला नाही, तर गेला. तसं नसेल तर आत्ता हात लावू नका. लोअर आर्म कदाचित खरंच गेले असतील, सिन्नरचे रस्ते मला माहीत आहेत. टायरची तारीख बघा, बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांपुढचे असतील तर नक्षी कितीही असली तरी काढा. १८५/७० आर १४ मिळतात सहज.

आता डिझेल आणि मेकॅनिक या विषयावर एक गोष्ट सांगतो, कारण ‘पुढचा मोठा खर्च’ कित्येकदा असतच नाही, तो तयार केला जातो.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. आमच्याकडे निफाड पट्ट्यात थंडी कशी पडते ते नाशिककरांना सांगायला नको. द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, त्या आठवड्यातली पहाट. गाडी चालू झाली, दोन मिनिटं चालली आणि बंद पडली. परत सेल्फ, परत दोन मिनिटं. दुपारी ऊन आल्यावर एकदम शहाणी. असं चार दिवस. एका मोठ्या गॅरेजात दाखवली. त्यांनी कॉम्प्युटर लावला, म्हणाले हाय प्रेशर पंप गेला, ४२ हजार. मी म्हटलं विचार करतो. घरी येऊन बॉनेट उघडलं. फिल्टरपाशी रबराचा एक फुगा असतो बघा, डिझेल लाइनमधली हवा काढायला हाताने दाबायचा. तो दाबला तर मऊ लागत होता, घट्ट होतच नव्हता. म्हणजे लाइन कुठेतरी हवा धरतेय. डिझेल इंजिनला नोझलपर्यंत प्रचंड दाबाने नुसतं डिझेल लागतं. मध्ये हवा शिरली की ती आधी दबते, दाब तयार होत नाही, इंजिन बंद. मग पाण्याच्या टाकीच्या दुकानातून अर्धा मीटर पारदर्शक नळी आणली आणि फिल्टरच्या पुढच्या तुकड्याच्या जागी लावली. गाडी चालू केली. पोराने टॉर्च धरला होता. आधी लाइन स्वच्छ, मग एक बुडबुडा, मग दोन, मग साबुदाणा सोडावा तशी ओळच लागली. मागे मागे जात शोधलं तर फिल्टरच्या तोंडाशी क्लिपखाली रबरी नळी चिरली होती. थंडीत रबर आकसायचं, चीर उघडायची. उन्हात परत मिटायची. नळी आणि दोन क्लिपा मिळून १८० रुपये. वहीत तो आकडा मी लाल शाईने लिहिलाय.

सगळ्यांना हे घरी करता येईल असं मी म्हणत नाही. मुद्दा इतकाच की म्हातारी डिझेल रोज चालवायची तर एक ओळखीचा, जुन्या वळणाचा मेकॅनिक पुण्यात आधी शोधा आणि मग गाडी न्या. आधी गाडी नेऊन मग मेकॅनिक शोधाल तर पहिले दोन खर्च शिक्षणाचे होतील. इंजिनचे पार्ट मिळतात, कारण हेच १४६१ सीसीचं इंजिन पुढे डस्टरमध्येही होतं आणि निसानच्या सनीतही. रडवतात ते बाहेरचे पार्ट: लाइटची काच, बंपर, दाराच्या हँडलचं प्लास्टिक. २०११ मध्ये लोगनची वेरिटो झाली, पुढे तीही बंद पडली. त्यामुळे भंगार बाजारातल्या एखाद्या माणसाशी मैत्री ठेवावी लागते.

सवयीच्या दोन गोष्टी. टाकी रिकामी होईपर्यंत चालवू नका, तळाचा गाळ आणि पाणी फिल्टरमध्ये येतं. आणि हायवेवरून पळवून आणल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, अर्धा मिनिट चालू राहू द्या, टर्बोला ऑइल मिळतं. बाबा तसं करत असतील तर त्यांना विचारा कुठे शिकले, कारण आमच्या पिढीला हे कोणी सांगितलं नव्हतं.

ठाणेकरीण

सर, तुमची वही प्रिय आहे, पण तुम्ही रोज हायवेवर साठ किलोमीटर चालवता. प्रश्न विचारणारा दादा कर्वेनगर ते बाणेर जाणार आहे. युनिव्हर्सिटी चौक! तिथे गाडी चालवत नाहीत, उभी करतात.

आम्ही २०१२ मध्ये डिझेल सेडान घेतली. तेव्हा सगळं खानदान डिझेल घेत होतं, कारण पेट्रोल-डिझेलमध्ये लिटरमागे तीसेक रुपयांचा फरक पडला होता. पेट्रोलचे दर २०१० मध्येच मोकळे झाले होते, डिझेलचे सरकारने धरून ठेवले होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळं झालं आणि आमचं गणितच गेलं. २०२५ मध्ये फरक तेरा-चौदा रुपयांचा आहे. पण गाडी आमच्याकडे होतीच, म्हणून चालवत राहिलो. माझं ऑफिस साडेसहा किलोमीटरवर. इंजिन गरम होतंय न होतंय तोवर पार्किंग. दुसऱ्या वर्षापासून ईजीआरमध्ये, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, काजळी. साफ करून आणायची, आठ महिन्यांनी परत पिकअप गायब. मेकॅनिकने एकदा तो व्हॉल्व्ह काढून माझ्या हातात दिला. आत काळं, ओलसर, चुलीच्या धुराड्यात बोट घातल्यासारखं. तो म्हणाला, ताई, गाडी चांगली आहे, तुम्ही तिला पळू देत नाही.

तेव्हा कळलं की दोष ना गाडीचा ना माझा, जोडी चुकली होती. २०२१ मध्ये विकली. घेणारा चाळीसगावचा होता, रोज धुळ्याला जातो. त्याने मागच्या वर्षी फोन केला होता, एकदम मस्त चाललीय म्हणाला. मला जरा रागच आला तिचा.

दादा, आणखी एक. बायको चालवणार आहे का? जुन्या डिझेलचा क्लच जड असतो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर चालवून बघू द्या तिला आणि मग ठरवा. हा प्रश्न इथे अजून एकाही पुरुषाने विचारला नाही म्हणून विचारतेय.

वहीवाले_सर

ठाणेकरीण यांचं म्हणणं खरं आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. माझी वही हायवेची आहे.

मग सिन्नरकरांचंच गणित मांडू. ऑफिसच्या फेऱ्या वर्षाला साधारण ३,२०० किलोमीटर, सिन्नरच्या ४,३००, इकडेतिकडे धरून साडेआठ-नऊ हजार. जवळजवळ अर्धा हायवे. महिन्यातून एकदा १८० किलोमीटर सलग पळाली की तिचा खोकला बराचसा मोकळा होतो. आजकालच्या बीएस ६ (प्रदूषणाचा नवा नियम) डिझेल गाड्यांमध्ये डीपीएफ नावाची काजळीची गाळणी असते, शहरात ती तुंबते म्हणून लोक घाबरतात. तुमच्या गाडीत ती नाही, ते दुखणं नाही. ईजीआर आहे, तो वर्ष-दीड वर्षाने साफ करायचा.

इंधनात फार वाचेल म्हणून ठेवू नका. वर्षाला ९ हजार किलोमीटर, तुमच्या मिश्र वापरात १६ चा ॲव्हरेज, म्हणजे साधारण पाचशे साठ लिटर, नव्वदच्या भावाने पन्नास हजार. छोटी नवी पेट्रोल १५ देईल, सहाशे लिटर, १०४ च्या भावाने साडेबासष्ट. वर्षाला बारा हजार वाचले, महिन्याला हजार. म्हणजे डिझेल हे तुमच्यासाठी कारण नाहीच. कारण असेल तर ते हप्ता नसणं हे आहे. आणि पाच वर्षांच्या मुलीसकट आई-बाबांना बसवून, सामान डिकीत टाकून जाता येणं. ५१० लिटरची डिकी आहे. मी एकदा त्यात अख्खं पिठाच्या गिरणीचं जातं आणलंय.

विम्याचंही सोपं. इंजिन १५०० सीसीच्या आत, म्हणून थर्ड पार्टी ३,४१६ अधिक जीएसटी, चार हजारांच्या आसपास भागतं. पूर्ण विमा या वयाच्या गाडीला मी घेत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

पीयूसी विसरू नका. नाशिकची २०१० ची गाडी असेल तर बहुधा बीएस ३ आहे, आरसीवर बघा. बीएस ४ त्या वर्षी पुणे-मुंबई-सोलापूर धरून तेरा शहरांतच आलं होतं, नाशिक त्यात नव्हतं. बीएस ३ ला दर सहा महिन्यांनी. पीयूसीला जाण्याआधी गाडी वीस मिनिटं नीट पळवून न्या, गार गाडी नळीला लावली तर आकडा उगाच वर जातो.

कसारा_घाट

सर गिरणीचं जातं? काय सांगता.

वहीवाले_सर

वरचा दगड. खालचा दुसऱ्या फेरीत.

सिन्नरकर_पुण्यात

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, कारण मधे दोन शनिवार सिन्नरलाच गेले.

पहिला प्रश्न बाबांना विचारला, बेल्ट कधी बदलला? ते म्हणाले, ‘कुठला बेल्ट? पट्टा लावतो की मी.’ तिथेच कळलं. गाडी आठशे मीटर लांबच्या गॅरेजात दुसऱ्या गिअरमध्ये नेली, बाबा बाजूला बसून ‘अरे तिसरा टाक’ म्हणत होते. कव्हर काढल्यावर मेकॅनिकने बेल्ट उलटा करून वाकवून दाखवला. दातांच्या मुळाशी बारीक बारीक भेगा, उन्हाळ्यात तळ्याचा चिखल तडकतो तशा. छापलेली अक्षरं अजून वाचता येत होती, म्हणजे मूळचाच. बाबा स्टुलावर बसले होते, उठून आले, बेल्ट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘यावर मी तुझ्या आईला पंढरपूरला नेऊन आणलं मार्चमध्ये.’ तो बेल्ट त्यांनी पिशवीत घालून घरी नेलाय. का ते विचारलं नाही.

किट आणि पंप मिळून १५,२०० झाले. क्लच सरांनी सांगितल्याप्रमाणे चौथ्यात बघितला, घसरत नाही, ठेवला. लोअर आर्म बदलले. टायरवर तारीख १६१६ निघाली, म्हणजे नऊ वर्षांचे. नक्षी भरपूर होती. काढले. ऑइलचं झाकण उघडून बघितलं, वाफ किरकोळ, फुंकर नाही.

बायकोला सिन्नर ते घोटी चालवायला दिली. ती म्हणाली, क्लच जड आहे पण स्कूटरवर पावसात भिजण्यापेक्षा बरा. मुलीने काचेची बटणं दारावर शोधली, सापडली नाहीत, मग मधे सापडली. तेव्हापासून मागची काच कोण खाली करतंय यावर वाद आहे. ऑफिसला मात्र मी बसनेच जाणार, ताईंचं धुराडं डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणजे रोजची गाडी म्हणून विचारलं होतं, ती आता शनिवार-रविवारची आणि सिन्नरची झाली.

नूतनीकरण सध्या बाबांच्याच नावावर नाशिकला करून घेतोय, एमएच १५ पुण्यात चालतेच. नावाचं नंतर. बाबांनी अट घातलीय की दर महिन्याच्या फेरीत घर ते मळा एवढं अंतर त्यांना चालवू द्यायचं. दिवसा. आई बाजूला बसणार म्हणते, किल्ली तिच्या हातून.

एकच अडलंय. डावा आरसा. पुण्यात दोन आणि नाशिकला तीन ठिकाणी फिरलो, वेरिटोचे उजवे मिळतात, डावा कोणाकडेच नाही. तपासणीला आरशाशिवाय जाता येणार नाही. कोणाकडे जुना डावा पडलाय का?

वहीवाले_सर

उजवाच घ्या. रेनोने ही गाडी स्वस्तात बसवायची म्हणून दोन्ही बाजूंना एकच आरसा केला होता, तोच फिरवून दुसरीकडे बसतो. दुकानदारांना सांगितलं तर खरं वाटत नाही. माझ्याकडे एक पडून आहे, खोक्यावर मीच ‘उजवा’ लिहून ठेवलंय. शनिवारी सिन्नरला येताना फोन करा, नाशिकला द्वारका सर्कलला देतो. स्क्रू तीन आहेत, एक बहुधा गंजलेला असेल, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.